उबुंटूवर डिस्क १०० टक्के भरलेली दाखवतंय. मोठ्या लॉग फाइली उडवल्या तरी जागा सुटेना. फॉरमॅट मारू का?

फॉरमॅट अजिबात मारू नका. रिस्टार्टही मारू नका असं म्हणणार होतो, पण त्याबद्दल खाली बोलतो.

तुमची लॉग फाइल, म्हणजे प्रोग्राम आपल्या नोंदी लिहितो ती, अजून उडालेलीच नाही. आरएम, म्हणजे फाइल उडवायची कमांड, मारली की फोल्डरमधलं नाव जातं, एवढंच. एखाद्या प्रोग्रामनं ती फाइल उघडी धरलेली असेल, तर तो सोडेपर्यंत डिस्कवरची जागा अडकूनच राहते. म्हणून अख्ख्या डिस्कचा हिशेब देणारी डीएफ कमांड सांगते डिस्क गच्च आहे आणि फाइली मोजणारी डीयू सांगते इथं तर काहीच नाही. दोघंही खरं बोलतात.

मला हे चांगलंच ठाऊक आहे, कारण यापायी माझा भर यात्रेत पोपट झालाय. सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचा एक कारखाना आहे. तिथं जुन्या डेस्कटॉपवर मी डेबियन (उबुंटूसारखंच एक लिनक्स) टाकून सांबा, म्हणजे नेटवर्कवर फाइली वाटून घ्यायचं सॉफ्टवेअर, लावून दिलं होतं. जॅकार्ड मागांची डिझाइनं, ऑफिसचा हिशेब, सगळं त्या ५०० जीबीच्या डिस्कवर. गड्ड्याचे, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेचे दिवस, त्यातही नेमका अक्षता सोहळ्याचा दिवस. संमती कट्ट्याजवळच्या गर्दीत उभा होतो, तेवढ्यात सुपरवायझरचा फोन. "साहेब, काहीच सेव्ह होईना. लवकर या की." सोहळा अर्धवट सोडला आणि अंगावरच्या बाराबंदीतच गाडीला किक मारली. नंदीध्वजांच्या मिरवणुकीमुळे निम्मे रस्ते बंद. पोचायला तास-दीड तास गेला.

तोवर मालकांच्या भाच्यानं काम उरकलं होतं. तो पुण्यात आयटीत, सुट्टीला आलेला. त्यानं आधी /व्हार/लॉगमधली मोठी थोरली फाइल आरएम केली. जागा सुटेना, तेव्हा सरळ पॉवरचं बटण दाबून धरलं. मशिन परत चालू झालं तर जागा मोकळी! "दादा, रिस्टार्ट मारलं, झालं. एवढ्यासाठी यात्रा सोडून आलात?" मालक हसले. मी बाराबंदीत सर्व्हरसमोर उभा, हातात चहाचा कप.

मी विचारलं, फाइल एवढी फुगली कशानं? तो म्हणाला, "लिनक्सचं असंच असतं." हे वाक्य मला अजून झोंबतं. लिनक्सचं 'असंच' काही नसतं. कोणतरी लिहितंय म्हणून फाइल वाढते, आणि कोण लिहितंय ते विचारलं की मशिन सांगतं.

रंगपंचमीच्या सुट्टीनंतर पुन्हा तेच. भाच्यानं पुण्यातून फोनवर सांगितलं म्हणून सुपरवायझरनं लॉग उडवून ठेवला होता. या वेळी मी आधीच ओरडलो, बटणाला कुणी हात लावायचा नाही. जाऊन बसलो. डीएफ -एच मारलं: एकूण ४५८ जी, शिल्लक शून्य. सुडो (म्हणजे पूर्ण अधिकार) लावून डीयू -एक्सएसएच / मारलं: १३१ जी. सुडो विसरू नका, नाहीतर परवानगी नसलेली फोल्डरं मोजली जात नाहीत आणि तुम्ही भलतीकडेच शोधत बसता. मग सुडो एलएसओएफ +एल१, यातलं एल मोठ्या लिपीतलं. नाव गेलेल्या पण उघड्या राहिलेल्या फाइलींची यादी येते. त्यात पायथन प्रोग्रामची एक ओळ होती, आकार बाइटमध्ये बारा आकडी, शेवटी कंसात 'डिलीटेड'. ती सर्व्हिस, म्हणजे पाठीमागं चालणारा तो प्रोग्राम, सिस्टीमसीटीएल रीस्टार्टनं नव्यानं चालू केली आणि डीएफ १०० वरून ३१ टक्क्यांवर आलं. मशिन बंद करायची गरजच पडली नाही. सुपरवायझरला उठवून स्क्रीन दाखवली. मालक नेमके जेवायला गेले होते.

तुम्हीही हेच करा. ओळीत ज्या प्रोग्रामचं नाव येईल त्याची तेवढी सर्व्हिस रीस्टार्ट करा. पुढच्या वेळी चालू लॉग आरएम करूच नका, ट्रंकेट -एस ० नं रिकामा करा. आणि जुने लॉग वेळोवेळी आपोआप काढणाऱ्या लॉगरोटेटमध्ये त्याची नोंद घाला. स्वतः लिहिलेल्या स्क्रिप्टचा लॉग तिथं आपोआप जात नाही, आणि हे मी कसा शिकलो ते आता सांगावंच लागेल.

ती पायथन स्क्रिप्ट माझीच होती. वजनकाट्याचा आकडा यूएसबीवरून वाचायची. सुट्टीत वॉचमननं मोबाइल चार्ज करायला काट्याची केबल काढली. काटा सापडेना, तर माझी स्क्रिप्ट क्षणभरही न थांबता पुन्हा पुन्हा पोर्ट उघडायला बघायची आणि दर वेळी एक एरर लिहायची. चार दिवसांत डिस्क गच्च. वर मी ती रूटनं, म्हणजे सर्वाधिकार असलेल्या खात्यानं, चालवत होतो. ईएक्सटी४ या लिनक्सच्या नेहमीच्या डिस्क-फॉरमॅटमध्ये सहसा ५ टक्के जागा रूटसाठी राखीव असते, अडीनडीला कामी यावी म्हणून. माझ्या स्क्रिप्टनं तीही खाल्ली. ज्या प्रोग्रामला रूटची गरज नाही तो रूटनं चालवू नका.

आणि हो, भाच्याचं रिस्टार्ट चालतं. प्रोग्राम बंद पडला की अडकलेली जागा सुटते, हे तांत्रिकदृष्ट्या शंभर टक्के बरोबर आहे. घरचा लॅपटॉप असेल तर खुशाल मारा, फक्त बटण दाबून धरू नका, नीट रीबूट करा. पण आधी एलएसओएफची ती ओळ वहीत उतरवून घ्या. रिस्टार्टनंतर ती दिसणार नाही.

एलएसओएफमध्ये काहीच आलं नाही तर माझं वरचं सगळं तुमच्या कामाचं नाही. मग डीएफ -आय बघा, लाखो बारीक फाइलींनी आयनोड (दर फाइलीमागे लागणारी नोंदीची जागा) संपलेले असू शकतात. किंवा जर्नलसीटीएलनं जर्नल, म्हणजे सिस्टीमचा स्वतःचा लॉग, किती झालंय ते बघून व्हॅक्यूम-साइझनं कमी करा. फक्त /बूट भरलं असेल तर जुनी कर्नलं (लिनक्सच्या गाभ्याच्या जुन्या आवृत्त्या) हातानं उडवू नका, एपीटी ऑटोरिमूव्ह वापरा.

कारखान्यात आता वजनकाट्याशेजारी मोबाइल चार्जिंगसाठी वेगळा बोर्ड बसवलाय. तेव्हापासून केबल कुणी काढलेली नाही. कल्पना भाच्याची.