डाळिंब व बेदाण्यातील कीडनाशकांचे अंश: काढणीपूर्वी काय पाहावे

प्रश्न: सांगोला तालुक्यातील एका डाळिंब उत्पादकाकडे व्यापाऱ्याने अंश तपासणीचा अहवाल मागितला आहे. साल कोणी खात नाही, मग सालीवरच्या औषधाची चिंता कशाला, आणि फळे खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात धुतल्यास अहवाल चांगला येईल का, असे ते विचारतात. द्राक्षे मर्यादेत बसली तर बेदाण्याची वेगळी तपासणी हवी का, असे पंढरपूर तालुक्यातील एका द्राक्ष बागायतदाराने विचारले आहे.

उत्तर: डाळिंबाची कमाल अंश मर्यादा, म्हणजे एमआरएल, सालीसकट संपूर्ण फळासाठी असते व प्रयोगशाळेतही फळ सालीसह बारीक करून त्यातील अंश द्रावकाने ओढून घेतले जातात, त्यामुळे सालीचा बचाव येथे चालत नाही. ज्या औषधासाठी त्या पिकावर मर्यादा ठरलेली नाही, तेथे भारतात आणि युरोपीय संघातही साधारणपणे किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम ही मर्यादा लागू होते. शंभर टन मालात एक ग्रॅम, इतके हे प्रमाण सूक्ष्म आहे. वासावरून किंवा फळावरील डाग पाहून त्याचा अंदाज कोणालाही येणार नाही.

धुण्याने सालीवर बसलेली धूळ व स्पर्शजन्य औषधाचा काही भाग निघतो. इमिडाक्लोप्रिडसारखे आंतरप्रवाही औषध मात्र पेशींत उतरलेले असते आणि सोड्याने ते बाहेर येत नाही. त्यामुळे खरा उपाय शेवटच्या फवारणीच्या तारखेत आहे. समजा, फवारणीनंतर फळात किलोमागे २ मिलिग्रॅम अंश आहे आणि दर पाच दिवसांनी तो निम्मा होतो. तर वीस दिवसांनीही ०.१२५ मिलिग्रॅम शिल्लक राहतो. म्हणूनच लेबलवरील काढणीपूर्व प्रतीक्षा काळ, म्हणजे शेवटची फवारणी व काढणी यांत ठेवायचे दिवस, एक दिवसानेही कमी करू नये. डब्यावरील हिरवा त्रिकोण विषारीपणाची पातळी दाखवतो, प्रतीक्षा काळ नव्हे. या दोहोंची गल्लत फार शेतकरी करतात.

लेबलवर डाळिंबाचे नाव नसलेले औषध, दुकानदाराने कितीही भरवसा दिला तरी, वापरू नये. नाव व घटक न छापलेल्या टॉनिकबाबतही हेच लागू आहे. २०१० मध्ये आपली द्राक्षे युरोपात अडकली ती क्लोरमेक्वॅट क्लोराइड या वाढनियंत्रकाच्या अंशामुळे. ते कीडनाशक नव्हतेच. आधी दुसऱ्या पिकावर वापरलेला ब्लोअर, त्याची टाकी व नोझल धुऊनच बागेत आणावेत.

नमुना काढणीच्या आठ-दहा दिवस आधी, पण प्रतीक्षा काळ संपल्यानंतर घ्यावा, म्हणजे अहवाल हाती येईपर्यंत फळे झाडावरच राहतील. बागेच्या सर्व भागांतील झाडांवरून, वरची, खालची, आतली व बाहेरची फळे मिळून किमान दोन किलो घ्यावीत. फळ पुसू नये, धुऊ नये. फवारणी करणाऱ्याने त्याला हात लावू नये. पिशवी नवी असावी आणि त्यावर प्लॉट, तोडणीची तारीख व शेवटच्या फवारण्यांची नोंद लिहावी. ही नोंद नसेल तर अहवालात अंश दिसला तरी तो कोठून आला, हे शोधता येत नाही. तपासणी एनएबीएल, म्हणजे प्रयोगशाळांना मान्यता देणारे राष्ट्रीय मंडळ, यांची मान्यता असलेल्या प्रयोगशाळेतच करावी. डाळिंबाच्या फवारणी वेळापत्रकासाठी केगाव येथील राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्राचा सल्ला घ्यावा.

बेदाण्याचे गणित वेगळे आहे. सुमारे चार किलो द्राक्षांपासून एक किलो बेदाणा होतो. पाणी उडते, पण उन्हात वा शेडमध्ये न विघटणारे औषध मागे राहून त्याचे किलोमागील प्रमाण वाढू शकते. म्हणून द्राक्षे मर्यादेत बसली एवढ्यावर न थांबता, तयार बेदाण्याचा नमुनाही विक्रीपूर्वी स्वतंत्र तपासून घ्यावा.