पिकअपखालचा लाल डाग

प्रश्न : टेक्सासला असतो. माझ्या १९९६ च्या पिकअपखाली (४एल६०-ई ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) सकाळी लाल तेलाचा डाग दिसतो. गिअरबॉक्स उतरवावा लागेल का?

उत्तर : एवढ्यात नको. आणि डागाच्या जागेवर विसंबू नका. चालत्या गाडीत तेल वाऱ्याने मागे पसरतं. खालची बाजू स्वच्छ धुवा, फेरी मारून या, मग बॅटरीच्या उजेडात सर्वांत वरची, पुढची ओली जागा शोधा. बहुतेकदा पॅनचं (गिअरबॉक्सच्या तळाचं तेलाचं भांडं) गॅस्केट, म्हणजे सांध्यातली पट्टी, किंवा तेल थंड करणाऱ्या कूलरचे पाइप गळके निघतात. पॅनचे बोल्ट ११ न्यूटन-मीटर इतकेच आवळा. जोर कराल तर कड वाकेल, गळती वाढेल. सिलंट फासायचा मोह तर अजिबात नको! तेल डेक्सरॉनच (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल) घाला. मात्र बेलहाउसिंगमधून (गिअरबॉक्स इंजिनला जोडणारं पुढचं आवरण) टपकत असेल, तर गिअरबॉक्सच्या तेलपंपाचं सील गेलं असं धरा. मग गिअरबॉक्स उतरवण्यावाचून सुटका नाही.