वाचक विचारतात : जपानी गडाला गोमुख असतं का?

प्रश्न : आम्ही सिंहगड रस्त्याला राहतो, रोज ओकायामा बागेत फिरायला जातो. नातू विचारतो, जपानात आपल्यासारखे डोंगरी किल्ले आहेत का? फोटोंत तर सगळे लाकडी, पांढरेशुभ्र दिसतात. त्यांचा लढाईत निभाव कसा लागायचा?

उत्तर : आजोबा, बाग ज्या ओकायामाच्या नावाची, त्याच प्रांतात बित्चू मात्सुयामा गड आहे. जपानात जुने अस्सल मुख्य मनोरे १२च उरलेत. त्यांतला सगळ्यात उंचावरचा हा, साधारण ४३० मीटरवर. फुइगो खिंडीपर्यंत गाडी जाते, पुढे वीस मिनिटांची चढण. माझ्या गुडघ्यांना तीस लागली.

मनोरा दोनच मजली. १६८३ मधला, म्हणजे इकडे शंभूराजांचा काळ. पण तुम्ही बघताय तो मनोरा, आणि लढायचा तो खालचा दगड! महादरवाजापाशी आधी कातळ, कातळावर रचलेला तट, तटावर मातीची भिंत. दगड चुन्याविना बसवलेले, मागे बारीक धोंड्यांची भर. पावसाचं पाणी फटींतून निथळून जातं, तट फुगत नाही. आपल्याकडचे ढासळलेले बुरूज आठवून मी तिथे बराच वेळ नुसती उभी होते.

मातीच्या भिंतीत जंग्या, म्हणजे आतून मारा करायची भोकं असतात, त्यांना ते ‘सामा’ म्हणतात. उभट भोक बाणासाठी, चौकोनी बंदुकीसाठी. पांढरा रंग म्हणजे चुन्याचा गिलावा. लाकडाला आग लागू नये म्हणून.

गोमुखाचा चुलतभाऊही आहे : ‘मासुगाता’. आपण दोन बुरुजांच्या कवेत दरवाजा लपवतो, ते गोमुख. ते दोन दरवाजे काटकोनात ठेवून मधे चौक सोडतात. पहिला फोडून आत आलेला शत्रू त्या चौकात अडकतो आणि वरून चहूबाजूंनी मारा होतो. गोल बुरूज मात्र त्यांच्याकडे जवळजवळ नाहीतच. तटच जागोजाग मोडून कोपरे काढतात, म्हणजे भिंतीला भिडलेल्यावर बाजूने नेम धरता येतो.

मनोऱ्यात एक लांबट चूल आहे, वेढ्यात अडकलेल्यांसाठी. मालक एरवी पायथ्याच्या वाड्यातच राहायचा. रोज एवढं कोण चढणार!

आणि नातवाला सांगा, २०१८ पासून त्या गडाचा किल्लेदार एक बोका आहे. नाव सांजूरो.