सेलबोटच्या पंख्यावर (प्रोपेलरवर) आणि तो फिरवणाऱ्या दांड्यावर, म्हणजे शाफ्टवर, कालवं-शेवाळ धरू नये म्हणून काय लावावं?

तुम्ही लिहिलंय की बोट मुंबई हार्बरमध्ये मुरिंगला (पाण्यातच कायम बांधलेली) असते, दोन महिन्यांत पंखा पांढराशुभ्र होतो, कुठला पेंट लावू, आणि शेवटी हळूच विचारलंय की कोणीतरी शाफ्टवरचं जस्त (पंख्याऐवजी स्वतः झिजण्यासाठी बसवलेला जस्ताचा तुकडा) काढून टाकायला सांगितलंय, काढू का. पेंटचं नंतर बघू. हा जो "कोणीतरी" आहे तो माझा मेहुणा नाही ना? कारण हा सल्ला मी पंख्याच्या पूर्ण किमतीला विकत घेतलाय.

आमची 26 फुटी जुनी बोट, अर्धी माझी, अर्धी त्याची. एका जानेवारीत सासरेबुवा, सासूबाई, पोरं, पोळीभाजीचे डबे असा सगळा लवाजमा घेऊन गेटवेवरून मांडव्याला निघालो. सकाळी वारा नव्हता, वायव्येचा वारा दुपारी येतो तोपर्यंत इंजिनच. थ्रॉटल पुढे ढकलला तर आवाज वाढेना, मागून काळा धूर, सगळी बोट मिक्सरसारखी थरथरतेय आणि एरवी 5 नॉट देणारी बोट 2 च्या वर जाईना. ओहोटीने भलतीकडेच ओढायला लागली. शेवटी एका कोळ्याच्या बोटीने दोर टाकून परत आणलं. दुसऱ्या दिवशी सुकतीला बोट कलती बसवली तेव्हा तो तांडेल मुद्दाम बघायला आला आणि म्हणाला, "पंखा हाय का कालवांचा खडक?" पात्यांचा आकारच दिसत नव्हता हो. बार्नॅकलवर बार्नॅकल (घट्ट चिकटणारे छोटे कवचधारी जीव), मधे हिरवं शेवाळ, आणि शाफ्ट मनगटाएवढी जाड झालेली. त्याच्या स्वतःच्या बोटीचा पंखा मात्र आरशासारखा, कारण तो रोज फिरतो. आपली सेलबोट रविवार ते रविवार उभी, आणि रविवारीही इंजिन अर्धा तास. खरा रोग हा आहे, बाकी सगळी मलमपट्टी.

तर मेहुण्याने वाचून काढलं की दोष जस्ताचा. आणि गंमत म्हणजे तो अगदीच चूक नव्हता. 1824 मध्ये हम्फ्री डेव्हीने ब्रिटिश आरमाराच्या जहाजांच्या तळाचा तांब्याचा पत्रा झिजू नये म्हणून त्याला लोखंडाचे, जस्ताचे तुकडे जोडून बघितले. तांबं झिजायचं थांबलं, पण त्यावर शेवाळ आणि शिंपले धरायला लागले. कारण तांबं थोडंथोडं विरघळतं म्हणूनच त्यावर जीव बसत नाही, विरघळणं थांबलं की झाली त्यांची सोय. ब्राँझच्या पंख्याचंही तेच. हे वाचून साहेबांनी मला न विचारता मे महिन्यात बोट वर काढली तेव्हा जस्त सोडवून खिशात घातलं.

पुढच्या सीझनला पंखा खरंच स्वच्छ! हा जो मिरवला त्या वर्षी, विचारू नका. मग पावसाळ्याआधी बोट वर घेतली आणि मी पात्यावर पान्याने टकटक केलं. चांगला पंखा टणकन वाजतो, हा मडक्यासारखा बद्द वाजला. जवळून बघितलं तर कडेचा पिवळा रंग जाऊन गुलाबी झाक आलेली. अंगठ्याने दाबलं तर कोपरा चहात बुडवलेल्या बिस्किटासारखा तुटून हातात. मँगनीज ब्राँझ हे नुसतं नाव ब्राँझ, जात पितळेची. शेजारी स्टेनलेसची शाफ्ट, मधे खारं पाणी, बळी द्यायला जस्त नाही, मग समुद्राने पंख्याच्या पोटातलंच जस्त खाल्लं आणि मागे तांब्याचा स्पंज ठेवला. मेहुणा आजही लग्नकार्यात भेटला की म्हणतो, "पण स्वच्छ होता की नाही?"

म्हणून जस्त काढू नका. अर्धं झिजलं की बदला, बसवताना शाफ्ट घासून उघड्या धातूवर बसवा आणि जस्तावर चुकूनही रंग मारू नका.

आता पेंट. बोटीच्या तळाला जीव धरू नयेत म्हणून मारतात तो तांब्याचा अँटीफाउलिंग रंग पंख्यावर टिकत नाही, फिरताना सोलून निघतो. जस्त भरलेला कोल्ड गॅल्व्हनायझिंग स्प्रे मी पंखा पॉलिश पेपरने लख्ख करून तीन-चार हात मारतो, बरे महिने निघतात, पूर्ण सीझन निघेल अशी अपेक्षा ठेवू नका. सिलिकॉनचं प्रॉपस्पीडसारखं कोटिंग चांगलं आहे पण महाग, आणि त्यात विष नसतं, ते फक्त गुळगुळीत असतं, म्हणजे त्यावर बसलेले जीव बोट चालल्यावर निसटतात. बोट चालवणारच नसाल तर पैसे पाण्यात, शब्दशः. कोणी टीबीटीवाला (कथिलाचं विषारी संयुग असलेला) जुना रंग मिळवून देतो म्हणाला तर हाकला त्याला, 2008 पासून त्यावर आंतरराष्ट्रीय बंदी आहे आणि ती उगाच नाही.

बाकी मी पंधरा दिवसांनी भरती-ओहोटीच्या मधे पाणी थांबतं तेव्हा उतरतो. आपल्या हार्बरमध्ये दिसत काहीच नाही, हाताने चाचपत जायचं, जाड हातमोजे हवेतच, कारण बार्नॅकल ब्लेडसारखं कापतं. प्लास्टिकचं उलथणं उत्तम चालतं. इंजिनची चावी स्वतःच्या खिशात, मेहुण्याच्या नाही. शाफ्टवर बार्नॅकलची जी पांढरी चकती उरते तीही काढा, कारण त्याखाली ऑक्सिजन पोचत नाही आणि स्टेनलेसला तिथेच खड्डे पडतात. पण त्यासाठी बाथरूमचं ॲसिड नको, स्टेनलेस खराब होईल, व्हिनेगरचं फडकं गुंडाळून ठेवा. शाफ्टच्या रबरी बेअरिंगच्या आत कुठलाही स्प्रे जाऊ देऊ नका.

पंख्याला काळी प्लास्टिकची पिशवी बांधून ठेवणारेही आहेत. अंधारात आणि साचलेल्या पाण्यात जीव धरत नाहीत हे खरं, पण एकदा मी ती न काढता इंजिन चालू केलं होतं (हे मेहुण्याला माहीत नाही, म्हणजे आता होईल). शिवाय त्याच साचलेल्या पाण्याने शाफ्टचं नुकसान होतं.

आणि हे सगळं ब्राँझचा पंखा, स्टेनलेसची शाफ्ट धरून लिहिलंय. ॲल्युमिनियमचा सेलड्राइव्ह (शाफ्टऐवजी इंजिनखालून तळातून सरळ पाण्यात उतरणारा पाय) असेल तर तांब्याचा रंग जवळपासही नेऊ नका. फोल्डिंग (पाती मिटणारा) पंखा असेल तर त्याचं वेगळं जस्त असतं, ते आधी तपासा.

मेहुण्या, तू हे वाचणार माहीत आहे. खाली कॉमेंटमध्ये डेव्हीचं नाव काढायच्या आधी पंख्याचे अर्धे पैसे ट्रान्सफर कर.