छायांकन, छायाभेद आणि पडछाया

प्रश्न : पेन्सिलने करतात त्या शेडिंगला मराठी शब्द कोणता? छायांकन की छटांकन? आणि चेंडूखाली जमिनीवर जे काळे काढतात त्याला सावली म्हणावे की छाया?

क्रियेसाठी ‘छायांकन’ चालेल. चित्रपटाच्या श्रेयनामावलीत हाच शब्द कॅमेऱ्याच्या कामासाठी येतो, पण ‘पेन्सिलने छायांकन’ म्हटले की घोटाळा होत नाही. ‘छटांकन’ कानाला ओढूनताणून केलेला वाटतो. शिवाय छटा रंगाचीही असते, इथे मामला फक्त फिक्या-गडदाचा. त्या फिक्या-गडद पायऱ्यांना चित्रकलेत ‘छायाभेद’ म्हणतात. म्हणजे छायांकन करायचे आणि त्यातून छायाभेद दाखवायचे. बोलताना मात्र सगळे शेडिंगच म्हणतात, त्यात वावगे काही नाही.

सावलीची गोष्ट वेगळी. झाडाच्या सावलीत आपण बसतो आणि आपली सावली भिंतीवरही पडते. एकच शब्द दोन्हीकडे, त्यामुळे चित्र शिकवताना तो अपुरा पडतो. वस्तूच्या स्वतःच्या अंगावरचा अंधारा भाग ती ‘छाया’ आणि वस्तूने दुसऱ्या पृष्ठभागावर टाकलेली ती ‘पडछाया’. चेंडूखाली असते ती पडछाया.

हा भेद कागदावरही पाळावा लागतो. उजेड डावीकडून वरून असेल तर चेंडूवर क्रमाने येतात : सर्वांत उजळ ठिपका (तिथे कागद कोराच ठेवायचा), मधल्या छटा, छायेचा सर्वांत गडद पट्टा आणि उजव्या कडेशी जमिनीवरून उलटून आलेला मंद परावर्तित प्रकाश. गडद पट्टा कडेला चिकटत नाही, थोडा आत राहतो. नवशिके नेमके इथे चुकतात. परावर्तित प्रकाश उजेडाकडच्या मधल्या छटांइतका उजळ केला की चेंडू पत्र्याचा दिसू लागतो. पडछाया चेंडू टेकतो तिथे सर्वांत काळी आणि रेखीव, लांब जाईल तशी फिकी आणि विरळ कडेची.

सुरुवात एचबी किंवा २बी पेन्सिलने, हलक्या हाताने, गोलाईच्या दिशेने वळणाऱ्या रेषांनी करावी. गडद भाग ४बी-६बी या अधिक मऊ, काळ्या पेन्सिलींच्या दोन-तीन थरांनी वाढवावा. एकाच दमात दाबले तर ग्रॅफाइट चकाकते, कागदाचे दाणे मिटतात आणि पुढचा थर धरत नाही. बोटाने घासू नये, कातडीचे तेल लागून डाग पडतात. कागदी स्टंप (कागदाची घट्ट गुंडाळलेली टोकदार कांडी) वापरावा. शेवटी चेंडूभोवतीची काळी बाह्यरेषा रबराने उतरवावी, नाहीतर एवढे छायाभेद करूनही तो सपाट चकतीच राहतो.