ताप उतरल्यावर टी पेशी जातात कुठे?

प्रश्न : विषाणूच्या तापात मुलाच्या मानेला गाठी आल्या होत्या, आता विरल्या. त्यात वाढलेल्या पेशींचं काय होतं? (एक वाचक, कोपरी, ठाणे)

उत्तर : बहुतेक मरतात, आणि त्या मरायलाच हव्यात. विषाणू ओळखणारी एक सीडी-८ टी पेशी (संसर्ग झालेल्या पेशी मारणारी पांढरी पेशी) विभागत आठवडाभरात हजारोंच्या घरात जाते. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत त्यांतल्या ९० ते ९५ टक्के नष्ट होतात, उरलेल्या तोच विषाणू पुन्हा आला तर ओळखणाऱ्या स्मृतिपेशी म्हणून टिकतात.

साध्या तापात संसर्ग ओसरला की इंटरल्युकिन-२ सारखी जगवणारी रसायनं आटतात. मग मरणाकडे ढकलणारं बिम हे प्रथिन पेशीला जगवणाऱ्या बीसीएल-२ या प्रथिनावर मात करतं, मायटोकॉन्ड्रियातून (पेशीच्या ऊर्जाकेंद्रातून) सायटोक्रोम-सी हे प्रथिन बाहेर पडतं आणि पेशीचं मरण घडवणाऱ्या कॅस्पेज विकरांपैकी कॅस्पेज-९ कामाला लागतं.

तोच प्रतिजन (टी पेशी ओळखते तो अंश) पुन्हापुन्हा समोर येत राहिला, तर वाट वेगळी. पेशीवर फास हा ग्राहक (संदेश घेणारं प्रथिन) असतोच. आता ती त्याला जुळणारं फास-लिगंडही बनवते. दोघे जुळले की आतून फॅड प्रथिन चिकटतं, त्यावर कॅस्पेज-८ जमून सक्रिय होतं आणि ते कॅस्पेज-३ ला चालू करतं. सक्रिय झाल्यावर पहिले काही दिवस पेशी फासला दाद देत नाही. तिला वाढवणारं इंटरल्युकिन-२ च पुढे तिला या मरणासाठी तयार करतं, हे मला या यंत्रणेतलं सगळ्यात विलक्षण वाटतं.

फासच्या जनुकात दोष असेल तर गाठी आणि प्लीहा सहा महिन्यांहून अधिक काळ मोठ्या राहतात, शरीर स्वतःच्याच तांबड्या पेशी व प्लेटलेट मारू लागतं. हा आजार दुर्मीळ आहे. तरीही गाठ चार आठवड्यांनंतर तशीच असेल, कडक लागत असेल किंवा वाढत असेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवाच.

प्रश्न : सक्रिय केलेल्या टी पेशींना अ‍ॅनेक्सिन-व्ही (मरणाऱ्या पेशी दाखवणारं प्रथिन) लावलं तर बऱ्याच पेशी मरणपंथाला लागलेल्या दिसतात, पण वाढ तर चांगली आहे. काय चुकतं? (एमएस्सीची विद्यार्थिनी, खारघर)

उत्तर : अ‍ॅनेक्सिन फॉस्फॅटिडिलसेरीनला चिकटतं. हा पेशीपडद्याच्या आतल्या बाजूचा मेद, मरताना तो बाहेर दिसू लागतो. पण सक्रिय टी पेशी जिवंत असतानाही तो थोडा बाहेर दाखवतात. म्हणून सोबत सक्रिय कॅस्पेज-३ मोजा आणि प्रोपिडियम आयोडाइड हा रंग लावा. तो आत शिरला म्हणजे पडदा फाटला. उलट अ‍ॅनेक्सिन अजिबात चिकटलं नाही, तर बफरमधलं कॅल्शियम तपासा, त्याशिवाय ते चिकटत नाही : साधारण २.५ मिलिमोलर हवं. धुताना ईडीटीए मागे राहिलं तर ते कॅल्शियम बांधून टाकतं. खोलीच्या तापमानाला अंधारात १५ मिनिटं ठेवा आणि तासाभरात फ्लो सायटोमीटरवर (एकेक पेशी मोजणाऱ्या यंत्रावर) वाचा. उशीर झाला की निरोगी पेशीही मरू लागतात.