काढून टाकलेल्या प्रोग्रामची रजिस्ट्रीत उरलेली नोंद कशी पुसावी?

प्रोग्राम काढल्यावरही त्याचे नाव विंडोजच्या यादीत दिसत राहते, तेव्हा बहुधा रजिस्ट्रीतील (विंडोज आपली व प्रोग्रामची सेटिंग्ज जिथे साठवते त्या डेटाबेसमधील) 'अनइन्स्टॉल' या कीखालची (फोल्डरसारख्या कप्प्याखालची) त्याची उपकी मागे राहिलेली असते. काहीही पुसण्यापूर्वी रिस्टोअर पॉइंट (बिघाड झाल्यास विंडोज पूर्वस्थितीत नेण्याची खूण) तयार करावा आणि रजिस्ट्री एडिटरमधून ती 'की' 'एक्स्पोर्ट' करून (तिची प्रत फाइलमध्ये काढून) ठेवावी, कारण तेथे 'अनडू'ची सोय नाही. नंतर एचकेएलएम (HKEY_LOCAL_MACHINE), सॉफ्टवेअर, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, करंटव्हर्जन, अनइन्स्टॉल या मार्गाने जाऊन प्रत्येक उपकीतील 'डिस्प्लेनेम' (यादीत दिसणारे प्रोग्रामचे नाव) वाचावे; उपकीचे नाव पुष्कळदा महिरपी कंसातील आकडे-अक्षरांची लांबलचक माळ असते, त्यामुळे नुसत्या नावावरून अंदाज बांधणे धोक्याचे ठरते. जुळेल तेवढीच उपकी काढावी. ६४-बिट विंडोजवर ३२-बिट प्रोग्रामची नोंद सहसा सॉफ्टवेअरमधील 'वाव६४३२नोड' (WOW6432Node) या कीखाली सापडते. रजिस्ट्री क्लीनर (रजिस्ट्री आपोआप साफ करणारे प्रोग्राम) मात्र कृपया वापरू नका. मायक्रोसॉफ्टही त्यांचे समर्थन करत नाही.